झंडापूरचा अर्धा राहिलेला प्रयोग

नाटकवाल्यांच्या शोकसभेचा एक ठरलेला साचा असतो. हार घातलेला फोटो, समई, आठ-दहा वक्ते, पाच मिनिटं मागून पंधरा मिनिटं घेणारे. मध्ये एखादं पद आणि शेवटी दोन मिनिटं स्तब्धता. वर्षभराने तोच हॉल, निम्मी गर्दी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकांकिका स्पर्धेच्या करंडकाला त्याचं नाव, आणि पाचव्या वर्षी करंडक घेणाऱ्या पोरांना तो कोण होता हे ठाऊक नसतं. यात कुणाची नियत खोटी नसते. नट करत होता ते काम सोडून बाकी सगळं त्या आठवणीत येतं, एवढीच तिची अडचण असते.

दिल्लीचा पथनाट्यकार सफदर हाश्मी याच्या मित्रांनी हा क्रम उलटा केला. आधी प्रयोग, मग संस्था, आणि भाषणं सगळ्यांत शेवटी. त्यांनी ते कसं केलं, त्यात काय जमलं आणि काय निसटलं, हे इथे तपशिलात पाहू.

काय घडलं

सफदरचा जन्म १२ एप्रिल १९५४ चा, दिल्लीचा. सेंट स्टीफन्स कॉलेजातून इंग्रजी घेऊन पदवी, दिल्ली विद्यापीठातून एम.ए., काही वर्षं महाविद्यालयांत शिकवणं, मग पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्लीतल्या माहिती कार्यालयात नोकरी. १९८४ साली ती सोडून पूर्णवेळ चळवळ आणि नाटक. १९७३ साली सुरू झालेल्या 'जन नाट्य मंच' या गटाच्या संस्थापकांपैकी तो एक. गटाला सगळे 'जनम' म्हणतात.

१ जानेवारी १९८९, रविवार. दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत झंडापूर नावाची वस्ती आहे. तिथे 'जनम'चा 'हल्ला बोल' या पथनाट्याचा प्रयोग सकाळी अकराच्या सुमारास सुरू झाला. गाझियाबाद नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि प्रयोग माकपच्या उमेदवाराच्या प्रचारासाठी होता. थोडाच वेळ झाला असेल, तोच काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराची मिरवणूक तिथे येऊन थडकली. सफदरने त्यांना थोडं थांबा किंवा दुसऱ्या वाटेने जा, असं सांगितलं. पथनाट्य करणारा कुठलाही माणूस हेच सांगतो. लग्नाची वरात असो, दारूडा असो, मोकाट बैल असो, रस्त्यावर रोज कुणाला ना कुणाला थांबवावं लागतंच. त्या दिवशी मात्र लाठ्या, लोखंडी सळया आणि बंदुका घेऊन हल्ला झाला. राम बहादूर हा नेपाळी कामगार गोळी लागून जागीच गेला. नटांनी कामगार संघटनेच्या कार्यालयात आसरा घेतला. बाकीच्यांना निसटता यावं म्हणून सफदर दार अडवून उभा राहिला आणि हल्लेखोरांच्या हाती सापडला. डोक्यावर वार झाले. आधी गाझियाबादचं आणि मग दिल्लीचं राम मनोहर लोहिया रुग्णालय. २ जानेवारीच्या रात्री तो गेला. वय ३४.

३ तारखेला हजारोंच्या गर्दीत अंत्ययात्रा निघाली. ४ तारखेला सफदरची पत्नी आणि गटातली अभिनेत्री मलयश्री, जिला सगळे माला म्हणतात, बाकीच्या नटांना घेऊन झंडापूरला परत आली. तीच जागा, तेच नाटक. या खेपेला ते शेवटापर्यंत झालं.

मृत्यूनंतर दोन दिवसही उलटले नव्हते. आपल्याकडे एवढ्या वेळात शोकसभेच्या हॉलचं बुकिंगसुद्धा होत नाही.

दोन दिवसांत प्रयोग उभा राहू शकला तो कशामुळे

धैर्य होतंच, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पण धैर्य असूनही ४ तारखेला तीन अंकी नाटक उभं करता आलं नसतं. ते शक्य झालं यामागे दहा वर्षांपूर्वी घेतलेला एक निर्णय होता.

आणीबाणीच्या आधी 'जनम' मोठी रंगमंचीय नाटकंही करत असे: मांडव, दिवे, नेपथ्य, टेंपो. आणीबाणी उठल्यावर कामगार संघटना आणि किसान सभांकडे असल्या नाटकाला बोलवायला पैसा उरला नव्हता. मोठं नाटक परवडत नाही तर छोटं करू, या साध्या हिशेबातून १९७८ च्या ऑक्टोबरात 'मशीन' आलं. लांबी १३ मिनिटं, नट सहा. पाच जण अंगांनी आणि तोंडाच्या आवाजांनी यंत्र बनतात, सहावा सूत्रधार. यंत्र चालू असतं आणि एकाएकी बंद पडतं. ते का बंद पडलं, याचं उत्तर म्हणजे नाटक. बीज होतं गाझियाबाद भागातल्या एका कारखान्याच्या बातमीचं. कामगारांच्या मागण्या होत्या सायकली लावायला स्टँड आणि चहा मिळेल असं कॅन्टीन. त्या आंदोलनात गोळीबार झाला आणि सहा कामगार गेले.

१३ मिनिटांचं नाटक जेवणाच्या सुट्टीत बसतं आणि उरलेल्या वेळात माणूस डबाही खाऊ शकतो. पुढची नाटकं साधारण अर्ध्या तासाकडे गेली; गेट मीटिंगला किंवा वस्तीतल्या रविवारच्या सकाळीला ती लांबी चालते. सफदर होता त्या दशकात गटाने दोन डझन पथनाट्यं आणि सुमारे ४,००० प्रयोग केले. म्हणजे वर्षाला चारशे, रोज एकाहून जास्त. या संख्येचा अर्थ ज्याने तालीम घेतली आहे त्याला लगेच कळेल. इतके प्रयोग झाले की नटाला शेजाऱ्याचंही पाठ होतं.

अशा गटात माणूस कमी पडला तर बदलीची तालीम ठराविक क्रमाने घ्यायची असते. पहिल्यांदा जागा आणि येणं-जाणं, मग गाणी-घोषणा, आणि सगळ्यांत शेवटी संवाद. नवखे दिग्दर्शक नेमकं उलटं करतात आणि रात्रभर संवाद घोकून घेतात. रिंगणात, म्हणजे चारी बाजूंनी प्रेक्षक असलेल्या खेळायच्या जागेत, वाक्य चुकलं तर समोरचा सावरून घेतो. जागा चुकली तर दोघे एकमेकांना झाकतात आणि एका बाजूच्या शे-दीडशे लोकांना पुढची पाच मिनिटं पाठीच दिसतात.

रिंगणाचं गणितही सांगितलं पाहिजे, कारण ४ तारखेला ते मोडणार हे उघड होतं. खेळायची जागा आठ मीटर व्यासाची धरली तर तिचा घेर साधारण २५ मीटर. खाली बसलेल्या माणसाला अर्धा मीटर लागतो, म्हणजे पहिल्या रांगेत ५० जण. मागच्या प्रत्येक रांगेत दहा-दहा वाढत जातात. पुढच्या तीन रांगा बसलेल्या, मधल्या दोन उकिडव्या, मागच्या तीन उभ्या, असं लावून घेतलं तर आठ रांगांत पावणेसातशे माणसं बसतात. नटांच्या येण्या-जाण्याच्या दोन वाटा सोडल्या की साडेसहाशे. याहून जास्त लोकांना नीट दिसत नाही. मग मागचे रेटतात, पुढचे सरकतात, आणि आठ मीटरचं रिंगण दहा मिनिटांत पाच मीटरवर येतं. माइक नसताना उघड्यावर, रहदारीच्या आवाजात, नटाचा आवाज पंधरा-वीस मीटरपर्यंत शब्द कळेल असा पोचतो, आणि तोही त्याचं तोंड तिकडे असेल तरच. म्हणून दोघांचा संवाद रिंगणाच्या मध्यात कधीच ठेवायचा नाही. दोन विरुद्ध टोकांना उभं राहून बोलायचं, म्हणजे दोघांचे आवाज दोन्हीकडे जातात आणि कुणाच्याच वाट्याला फक्त पाठ येत नाही.

४ जानेवारीला झंडापुरात हजारो लोक होते. एवढ्या गर्दीत पथनाट्य 'चांगलं' होत नाही. शेवटच्या रांगांना काय दिसलं असेल, हा प्रश्न त्या दिवसापुरता गैरलागू होता. ते होतंय, हेच पाहायला लोक आले होते. पण दरवर्षी तसाच जमाव जमवून तसाच प्रयोग करायचा हट्ट कुणी धरला, तर नाटक मरतं आणि सभा उरते.

नेमकं तेच नाटक का

१९८८ च्या नोव्हेंबरात, २२ ते २८ तारखेपर्यंत, दिल्ली आणि भोवतालच्या औद्योगिक पट्ट्यात सात दिवसांचा संप झाला. किमान वेतन महिना ५६२ रुपयांवरून १,०५० रुपये करा, ही मुख्य मागणी. संपाच्या प्रचारासाठी 'जनम'ने 'चक्का जाम' केलं होतं. संपानंतर त्याच नाटकात फेरफार करून 'हल्ला बोल' तयार झालं.

आता, हे नाटक विनोदी आहे. सुरुवातीलाच हवालदार येऊन नटांना हटकतो: कामगारांचं राजकारण इथे चालणार नाही. नट म्हणतात, छे छे, आम्ही तर प्रेमकथा करतोय. मग खरोखरच प्रेमकथा सुरू होते. पोरगा कारखान्यात कामाला, पोरीचा बाप लग्नाला तयार नाही, कारण ५६२ रुपयांत संसार कसला होणार? म्हणजे संपाची मागणी लग्नाच्या बैठकीतून सांगितली जाते. पहिला भाग निव्वळ फार्स. आपल्या वगनाट्यातल्या बतावणीची सवय असलेल्याला ही युक्ती परकी वाटणार नाही.

मित्राला अग्नी देऊन आलेल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फार्स करायचा. 'जनम'कडे गंभीर नाटकंही होती. 'औरत' होतं, 'मशीन' होतं. त्यांतलं एखादं करणं सोपं गेलं असतं आणि कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्या वस्तीने ज्या गोष्टीची सुरुवात पाहिली होती, ती अर्धी राहिली होती. दुसरं नाटक केलं असतं तर ती श्रद्धांजली झाली असती, आणि प्रेक्षक दुखवट्याला आल्यासारखे उभे राहिले असते. तेच नाटक करण्याचा अर्थ होता की मध्यंतर लांबलं, आता पुढे बघा. या निर्णयात ४ तारखेच्या प्रयोगाचं सगळं वजन आहे, असं आमचं मत.

अशा प्रयोगात कच्ची जागा एकच असते: हशा. नट रडू आवरून विनोद करतो तेव्हा त्याचा वेग वाढतो, वाक्यावर वाक्य चढतं आणि हशाला जागाच उरत नाही. प्रेक्षकही हसावं की नाही या पेचात असतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या दोन-तीन विनोदांनंतर मुद्दाम थांबायचं, दोन श्वास. हसायला हरकत नाही, हे प्रेक्षकाला त्या थांबण्यातून कळतं.

पुढची वर्षं: दोन वाटा

फेब्रुवारी १९८९ मध्ये दिल्लीतल्या लेखक-कलावंतांनी सफदर हाश्मी मेमोरियल ट्रस्ट काढला, म्हणजे 'सहमत'. भीष्म साहनींसारखे ज्येष्ठ लेखक त्यात होते. सफदर मोठ्या रंगभूमीला अनोळखी नव्हताच. १९८८ साली प्रेमचंदांच्या कथेवरून 'मोटेराम का सत्याग्रह' त्याने हबीब तन्वीर यांच्याबरोबर उभं केलं होतं. जानेवारीत दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या मंचावरून शबाना आझमींनी या खुनाचा जाहीर निषेध केला, तेव्हा बातमी नाटकवाल्यांच्या बाहेर गेली. त्या वर्षीपासून १२ एप्रिल, त्याचा जन्मदिवस, पथनाट्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला. मंडी हाउसजवळच्या रस्त्याला त्याचं नाव मिळालं. दिल्लीतली मोठी नाट्यगृहं त्याच परिसरात आहेत.

ही झाली दिल्लीची वाट. दुसरी झंडापूरची. दर १ जानेवारीला 'जनम' आणि कामगार संघटना तिथल्या आंबेडकर पार्कात जमतात. नाटक होतं, गाणी होतात, भाषणंही होतात. तिथे दोन नावं एकत्र घेतली जातात, सफदर हाश्मी आणि राम बहादूर. ही गोष्ट दिसायला लहान आहे, पण टिकवायला फार कठीण. कलावंताचे फोटो असतात, मित्र लेखक असतात, त्याच्या ओळी पोस्टरवर चढतात. नेपाळहून पोटासाठी आलेल्या कामगाराचं यातलं काहीच मागे राहत नाही. दिल्लीतल्या लेखांत बहुतेकदा राम बहादूरला अर्धं वाक्य मिळतं. झंडापुरात त्याचं नाव पाटीवर बरोबरीने असतं, कारण तो त्या वस्तीचा माणूस होता.

खटला रेंगाळत राहिला. २००३ साली गाझियाबादच्या न्यायालयाने दहा जणांना जन्मठेप सुनावली, म्हणजे जवळपास पंधरा वर्षांनी. इतक्या काळात प्रकरण थंडावायला भरपूर वाव असतो. दरवर्षी त्याच तारखेला त्याच जागी माणसं उभी राहत होती.

२०१२ सालच्या १२ एप्रिलला दिल्लीच्या शादीपूर भागात 'स्टुडिओ सफदर' उघडला. छोटीशी जागा, काळ्या भिंती, कमी भाडं, नव्या गटांना तालमीला आणि प्रयोगाला मिळेल अशी. स्मारक म्हणून पुतळा की खोली, असा वाद कुठल्याही नाट्यसंस्थेत निघाला तर हे उदाहरण द्यावं. पुतळ्याला वर्षातून एकदा हार लागतो. तालमीच्या खोलीला वीजबिल, पंखे, सतरंज्या, किल्ली कुणाकडे, हे रोज लागतं, आणि त्यामुळे तिथे रोज माणूस येतो.

काय निसटलं

पहिलं म्हणजे माणूस. तो हुतात्मा झाला आणि विनोद हरवला. सफदर लहान मुलांसाठी कविता लिहायचा, पोस्टरं काढायचा, गाणी रचायचा. 'किताबें कुछ कहना चाहती हैं' ही त्याची कविता हिंदी शाळांच्या भिंतींवर आजही असते, पुष्कळदा त्याच्या नावाशिवाय. म्हणजे ज्यांना नाव माहीत त्यांना मृत्यू माहीत, आणि ज्यांना कविता माहीत त्यांना नाव नाही. मित्रांनी त्याच्या मुलांसाठीच्या लिखाणाची पुस्तकं काढली तरी हा सांधा पुरता जुळलेला नाही.

दुसरं, श्रेय. 'मशीन' सफदर आणि राकेश सक्सेना यांनी मिळून लिहिलं. गटाची बहुतेक पथनाट्यं तालमीत, सगळ्यांनी मिळून रचलेली. लेखक म्हणून एकाचं नाव न लावणं ही त्यांची पद्धत होती. मृत्यूनंतर लोकांनी सगळं सफदरच्या नावावर टाकलं. हा अन्याय प्रेमापोटी होतो, म्हणून त्याला कुणी हरकत घेत नाही. गेलेल्या सहकाऱ्याच्या कामाची यादी करायला बसाल तेव्हा प्रत्येक प्रयोगापुढे सगळी नावं पहिल्या आठवड्यातच लिहून काढा. पुढे आठवणी सोयीप्रमाणे गोल होतात.

तिसरं, अनुकरण. १२ एप्रिलला आणि एरवीही कॉलेजांच्या स्पर्धांत जे पथनाट्य दिसतं त्याचा आता साचा झाला आहे. काळे कुडते, डफ, 'आओ आओ, नाटक देखो', मग वीस मिनिटं एकाच पट्टीत किंचाळणं आणि शेवटी प्रेक्षकाकडे बोट. ज्या नाटकात हवालदाराला गंडवण्यासाठी प्रेमकथा सुरू होते, त्याच्या नावाने हे चालतं. 'हल्ला बोल' हे शब्द घोषणा म्हणून उरले, फार्स गळून पडला. मोठ्याने बोलणं आणि ओरडणं यांतला फरक तांत्रिक आहे: पहिल्यात स्वर लांबतो, दुसऱ्यात घसा आवळतो. तिसऱ्या प्रयोगाला ज्याचा आवाज बसतो तो ओरडत होता असं समजावं.

आपल्याकडे

मराठीत याचं सगळ्यांत जवळचं नातं पुण्याशी आहे. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वरजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ते नट नव्हते आणि वयानेही ज्येष्ठ, पण मागे राहिलेल्यांनी निवडलेले मार्ग तेच. एक म्हणजे ठरलेली तारीख आणि ठरलेली जागा: दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते त्याच पुलावर जमू लागले. दुसरा म्हणजे नाटक: अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली अंनिसच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्यं बसवली. बहुतेक जण हौशीसुद्धा नव्हते. आधी कधी तोंडाला रंग न लावलेले कार्यकर्ते. शिबिरात गट, गटाकडे एक नाटक, आणि परत गेल्यावर आपापल्या गावात प्रयोग. मोठा नट एका जागी उभा करण्यापेक्षा हे जास्त दूर जातं.

याउलट लाल बावटा कलापथक पाहा. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी ते उभं केलं. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ सालीच, दीड महिन्याच्या अंतराने गेले. अण्णाभाऊ पन्नाशीच्या आत, अमर शेख पन्नाशी नुकती ओलांडून, अपघातात. जयंत्या होतात, पुतळे आहेत, गाणीही म्हटली जातात. पण कलापथकाचं एखादं लोकनाट्य, ते ज्या वस्त्यांत व्हायचं तिथे, पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं केलेलं किती जणांनी पाहिलं आहे?

राहता राहिला ५६२ चा प्रश्न. 'हल्ला बोल' आज करायचं झालं तर तालमीत पहिल्याच दिवशी तो निघतो: आकडा बदलायचा का? ५६२ ऐकून आजचा प्रेक्षक हसतो, पण भलत्याच कारणाने. त्याला ते जुन्या काळचं स्वस्ताईचं गाव वाटतं. आजचं किमान वेतन घातलं तर १,०५० ची मागणीही बदलावी लागते, मग संप बदलतो, मग नाटक बदलतं, आणि जे उरतं ते झंडापूरला झालेलं नाटक नसतं. आमच्या मते आकडा तोच ठेवावा. सूत्रधाराने सुरुवातीला दोन वाक्यांत सांगावं की साल १९८८, महिन्याचा पगार ५६२, आणि लगेच हवालदाराला आत घ्यावं. आजच्या आकड्यासाठी दुसरं नाटक लिहावं. 'जनम' गेली कित्येक वर्षं तेच करत आलं आहे: नवा विषय, नवी संहिता, तेच रिंगण.